मदत हवी आहे: निरोगी उंदरातही जिवाणू आतड्याच्या पेशींना टेकलेले दिसतात

उंदराचं मोठं आतडं सलाईनने धुऊन १०% फॉर्मालिनमध्ये २४ तास ठेवलं, मग पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले नमुने) केले. ईयूबी-३३८ प्रोबने (बहुतेक जिवाणूंच्या आरएनएला चिकटणारा तुकडा) फिश, म्हणजे चमकत्या प्रोबने जिवाणू दाखवणारी चाचणी, केल्यावर निरोगी गटातही जिवाणू थेट एपिथेलियमवर (आतड्याच्या अस्तरपेशींवर) दिसतात. श्लेष्माचा आतला थर जिवाणूमुक्त असायला हवा ना? कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या दाहाच्या) गटाशी तुलना करायची आहे. जुने ब्लॉक वाया गेले का?

प्रतिसाद १
दोष नमुन्यात आहे. श्लेष्म म्हणजे बहुतांश पाणीच. फॉर्मालिनमध्ये तो आक्रसून बसतो, आणि धुण्याने बाहेरचा सैल थर जिवाणूंसकट सरकतो. आत लेंडी असलेला तुकडा घ्या. तो चिरू नका, धुऊ नका, पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. थेट मेथाकार्न या पाणी नसलेल्या फिक्सेटिव्हमध्ये टाका: ॲब्सोल्यूट मेथॅनॉल ६० मिली, क्लोरोफॉर्म ३०, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १०. हे ताजंच बनवा, फ्यूम हूडमध्ये आणि काचेच्या बाटलीत, कारण क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरीन विरघळवतो. रात्रभर ठेवा. पुढे मेथॅनॉल ३० मिनिटं, इथेनॉल २० मिनिटं, झायलीन १५ मिनिटं, प्रत्येकी दोनदा, आणि मग पॅराफिन. सवयीने मध्येच ७०% इथेनॉलमध्ये ठेवलंत तर पाणी पुन्हा आत आलंच.

प्रतिसाद २
फिशनंतर त्याच स्लाइडवर मक-२ (श्लेष्माचं मुख्य प्रथिन, एक म्युसिन) ओळखणारी अँटिबॉडी लावा आणि शेजारच्या सेक्शनवर नॉन-३३८ प्रोब, जो जिवाणूंना चिकटायला नको. तिथेही चमक दिसली तर ती जिवाणूंची नाही. जिवाणू आणि एपिथेलियममधलं अंतर मोजताना क्रिप्ट (अस्तरातले नळीसारखे खळगे) उभ्या कापल्या गेलेल्याच जागा धरा. तिरक्या कापात थर फसवा जाड दिसतो. जिवंत ऊतीत उंदराचा आतला थर साधारण ५० मायक्रॉन असतो. पॅराफिनमध्ये तो आकसतो, म्हणून त्या आकड्याशी ताडून पाहू नका, आपल्याच गटांची तुलना करा.

आहारही तपासाच. तंतू नसलेल्या खाद्यावर ॲकरमॅन्सियासारखे जिवाणू म्युसिनच्या साखळ्यांवर जगू लागतात आणि थर पातळ होतो. दोन गटांचं खाद्य वेगळं असेल तर तुम्ही कोलायटिस नव्हे, आहार मोजाल.

एखाद्या क्रिप्टच्या तोंडाशी म्युसिनचा अचानक लोट दिसला तर तो दोष समजून वगळू नका. तिथल्या पहारेकरी गॉब्लेट पेशी (श्लेष्म बनवणाऱ्या पेशी) जिवाणूंचे घटक टीएलआर-२, ४, ५ या ग्राहक प्रथिनांमार्फत ओळखतात आणि एनएलआरपी-६ या पेशीतल्या प्रथिनामार्गे शेजारच्या पेशींनाही मक-२ सोडायला लावतात. प्रतिकारशक्तीचा धागा तिथेच हाती लागतो.

लहान आतडं कंट्रोल म्हणून नको. तिथे एकच सैल थर असतो. जिवाणूंना दूर ठेवायला रेग-३-गॅमासारखी जिवाणूनाशक प्रथिनं आणि आयजीए अँटिबॉडी लागतात.

प्रतिसाद ३
जुने ब्लॉक टाकू नका. गॉब्लेट पेशी आणि प्रतिकार पेशी मोजायला फॉर्मालिन चालतं. अंतराच्या मोजणीतून मात्र ते वगळा.