आईचा टीएसएच ६.९ आणि व्हिटॅमिन डी ११ : दोन्हीची औषधं लगेच सुरू करावीत का?

केतकी_२१
आई, वय ६७. लॅबच्या पॅकेजमधले आकडे असे: टी३ ०.९८, टी४ ७.१ (दोन्ही रेंजमध्ये), टीएसएच ६.९ (रेंज ०.४ ते ४.५), २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ११.२ नॅनोग्रॅम/मिली. रक्तदाबाची गोळी चालू आहे. थकवा आहे, मांड्या आणि कंबर दुखते. मेडिकलवाल्याने थायरॉइडच्या ५० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची बाटली आणि डीची ६०,००० युनिटची पाकिटं दिली आहेत. अजून काहीच उघडलेलं नाही. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. डी वाढलं की टीएसएच आपोआप उतरतो म्हणतात, ते खरं आहे का?

तळटीप
बाटली बंदच राहू द्या. टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नव्हे, थायरॉइडला कामाला लावणारा, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा हुकूम आहे. थायरॉइडचा खरा हार्मोन म्हणजे टी४, तो जरासा घसरला तरी हा हुकूम कैकपट चढतो. त्यामुळे टी४ रेंजमध्ये आणि टीएसएच ४.५ ते १० च्या मध्ये, असे रिपोर्ट खूप जणांचे येतात आणि त्यातले बरेच पुढच्या तपासणीत नॉर्मल निघतात. ताप, इन्फेक्शन किंवा मोठ्या आजारातून उठताना टीएसएच काही आठवडे चढलेला राहू शकतो. पहाटे तो जास्त असतो, दुपारकडे उतरतो. शिवाय साठीपुढे तो मुळातच थोडा वर सरकतो. लॅबची रेंज मात्र तिशीतल्या माणसाला आणि आजीला एकच छापलेली असते.

म्हणून २ ते ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी. त्याच लॅबमध्ये, सकाळी त्याच सुमारास. या वेळी पॅकेज नको. टीएसएच, फ्री टी४ (प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टी४) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी) एवढंच सांगा. पॅकेजमध्ये बहुतेकदा टोटल टी३-टी४ असतं, ते रक्तातल्या वाहक प्रथिनांप्रमाणे वरखाली होतं. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आलं तर पुढे थायरॉइड मंदावण्याची शक्यता जास्त, मग दर ६ ते १२ महिन्यांनी लक्ष ठेवायचं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर २-३ दिवस आधी थांबवा. काही मशिनांवर त्याने टीएसएच खोटा कमी दिसतो.

गोळीचा विचार सहसा टीएसएच १० च्या पुढे टिकून राहिला तर होतो. (गरोदरपणाचे निकष वेगळे, ते इथे लागू नाहीत.) २०१७ मध्ये युरोपातल्या ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवरचा ‘ट्रस्ट’ अभ्यास आला. त्यांचा सुरुवातीचा सरासरी टीएसएच ६.४ होता, म्हणजे जवळपास तुमच्या आईंइतकाच. वर्षभर गोळी घेऊनही थकव्यात फरक पडला नाही. उलट या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं झिजतात. आधीच डी ११ असताना हाडांवर आणखी भार कशाला?

उन्हाळी_लागण
डी वाढलं की टीएसएच उतरतो, यावर विसंबू नका. ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि यातला डीचा जास्त खरा आहे. डी ‘पुरेसं’ म्हणायला ३० नॅनोग्रॅम हवं, या रेषेवर वाद आहे. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने ती २०२४ मध्ये स्वतःच सोडून दिली. पण ११ कमीच, त्यात कुणाचं दुमत नाही. मांडी घालून बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो का, जिना चढताना मांड्या भरून येतात का, हे आईंना विचारा. तसं असेल तर थकव्याचं उत्तर डीच्या कमतरतेत सापडू शकेल.

पाकीट सुरू करण्याआधी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि क्रिएटिनिन या हाडांच्या आणि किडनीच्या रक्ततपासण्या करून घ्या. मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रक्तदाबाच्या गोळीची स्ट्रिपही बघा: नावाच्या शेवटी ‘एच’ असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ते लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं, म्हणून डीबरोबर रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं.

नेहमीचा कोर्स म्हणजे आठवड्याला १ पाकीट, ८ आठवडे, दुपारच्या जेवणानंतर दुधातून. डी स्निग्धात विरघळतं, उपाशीपोटी कमी शोषलं जातं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: ‘आठवड्याला एक’ ऐकलं जातं ‘रोज एक’. मग काही आठवड्यांत कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, शेवटी किडनीवर ताण. ६ लाख युनिटचं इंजेक्शन घ्यायला कुणी सुचवलं तर नाही म्हणा. कोर्सनंतर डॉक्टर म्हणतील तो रोजचा १००० ते २००० युनिटचा किंवा महिन्याचा डोस, आणि ३ महिन्यांनी तपासणी.

कोवळ्या उन्हाने डी मिळतं हा आपल्याकडचा लाडका समज. सूर्य खाली असताना यूव्हीबी, म्हणजे त्वचेत डी बनवणारे अतिनील किरण, फारसे पोचतच नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि तेही खिडकीच्या काचेआडून नाही.

केतकी_२१
धन्यवाद. समजा पुढे थायरॉइडची गोळी लागलीच, तर ती कॅल्शियमबरोबर सकाळी एकदमच घेतली तर चालेल? आई सहाला चहा घेते. आणि थायरॉइडसाठी कोबी बंद करायचा का?

पाटावरवंटा
एकदम मुळीच नाही. कॅल्शियम आणि लोह पोटात ही गोळी धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. मग टीएसएच उतरत नाही, डोस वाढतो, आणि कुणी कॅल्शियम बंद केलं की तोच डोस अचानक जास्त होतो. स्ट्रिप उलटून वाचा: ‘डी३’ मोठ्या अक्षरात असलं तरी आत बरेचदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि जेमतेम २५० युनिट डी असतं.

उठल्याबरोबर पाच-सव्वापाचला साध्या पाण्याबरोबर गोळी, चहा सहालाच. कॅल्शियम दुपारी किंवा रात्री जेवणासोबत, मध्ये किमान ४ तास. पहाट जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर ३ तासांनी. मग कॅल्शियम दुपारीच. या वयात सुरुवात सहसा २५ किंवा त्याहून कमीपासून होते, तेव्हा ५० ची बाटली परत करा. डोस बदलला की ६ ते ८ आठवडे थांबून टीएसएच. त्याआधीचा आकडा अर्धवट असतो. तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मग गोळी, नाहीतर फ्री टी४ जास्त दिसतं. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा, गॅसच्या ओट्यापासून लांब.

कोबी शिजवून खुशाल खा. मीठ मात्र बघा. घरात फक्त सैंधव वापरत असाल तर आयोडीनयुक्त मीठ परत आणा. पण आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या नकोत, त्यांनी टीएसएच आणखी चढू शकतो.