लग्नासाठी डार्क मरून नेलपॉलिश, मदत हवी आहे
मैत्रिणींनो, मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, पारा ४० च्या वर, त्यात पंख्याखाली नेलपॉलिश लावलं की हमखास बारीक बुडबुडे येतात. इरकली साडीवर जाईल असा डार्क मरून हवाय, चॉकलेटी झाक अजिबात नको. नवी पेठेत बघितले, क्रीम फिनिशवाले (चमकी नसलेले) दोन कोटमध्ये मस्त भरतात पण वाळायला वेळ लागतो, मॅट पटकन वाळतं पण टोकाला लवकर उडतं, शिमरमध्ये ब्रशच्या रेघा दिसतात. लॅम्पवालं जेल नकोच, काढताना ॲसिटोनमध्ये भिजवावं लागतं आणि माझी नखं आधीच पातळ. भांडी-धुणं करून आठवडाभर टिकेल असं कुणी वापरलंय का? शेड नंबर सांगा प्लीज, सावळ्या हातावरचा फोटो असेल तर फारच बरं होईल.