नऱ्हे-किरकटवाडी पट्ट्यात नवं जाळं : ईपॉन, जीपॉन की सरळ स्विच?

नऱ्हेकर :
नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला ही गावं 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. इमारती वाढतायत, आणि त्यांच्या मागोमाग सी कॅटेगरीचं, म्हणजे लहान क्षेत्रापुरतं, लायसन्स घेतलेले नवे आयएसपीही (इंटरनेट पुरवठादार). घरोघरी फायबर नेण्याची नेहमीची पद्धत म्हणजे पॉन : ऑफिसातल्या पेटीच्या (ओएलटी) एका पोर्टचा प्रकाश स्प्लिटरने वाटून अनेक घरांना जातो, आणि घरातला तो घेणारा डबा म्हणजे ओएनयू किंवा ओएनटी. ईपॉन आणि जीपॉन ही त्याची दोन मानकं. यातल्या बऱ्याच जणांच्या गळ्यात दुकानदार ईपॉनचं ओएलटी मारतो, कारण ते स्वस्त पडतं. ज्याची पाटी अजून कोरी आहे त्याने आज ईपॉन घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

वेगाचा हिशेब सोपा आहे. ईपॉनच्या एका पोर्टवर लाइनचा वेग 1.25 गिगाबिट, कोडिंगचे जादा बिट वजा जाता हातात उरतो 1. जीपॉनला घराकडे येणारा वेग 2.488 गिगाबिट. एका पोर्टवर 64 घरं धरली आणि सगळ्यांनी एकदम ओढायला सुरुवात केली, तर ईपॉनवर वाट्याला साधारण 15 एमबीपीएस येतात, जीपॉनवर 38.

मला त्याहून जास्त काळजी पुढच्या पायरीची आहे. घराकडून ओएलटीकडे जाणारा प्रकाश आजच्या जीपॉन ओएनटीत 1290 ते 1330 नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो. एक्सजीएस-पॉनचा, म्हणजे जीपॉनच्या पुढच्या दहा गिगच्या पिढीचा, असतो 1270 वर. दोघं एकाच फायबरवर नांदतात. उद्या कुणाला दहा गिग हवं झालं तर ऑफिसात दोन्ही चालवणारं कॉम्बो कार्ड टाकायचं आणि फक्त त्याच घरातला डबा बदलायचा. ईपॉनच्या मानकात हाच पट्टा 1260 ते 1360 असा ऐसपैस ठेवलाय, म्हणजे 1270 त्याच्या पोटातच येतो. अशा पोर्टवर एक्सजीएस चढवायचं तर आधी सगळी घरं बदला.

हिशेबनीस :
64 घरं एकदम पूर्ण वेग ओढतात, हे कागदावरचं चित्र झालं. एचडी व्हिडिओला 5 एमबीपीएस पुरतात. आयपीएलच्या फायनललाही घरात दोन पडदे चालू असतात, फार तर तीन. तरी भीती वाटत असेल तर पोर्टवर 32 घरं ठेवा, मिटला प्रश्न.

पुढची पायरी म्हणाल तर 10जी-ईपॉन 2009 पासून मानकात आहे. त्यात जुने आणि नवे ओएनयू वेळ वाटून घेतात आणि एकाच ओएलटीखाली चालतात. एक्सजीएसवरच जायला हवं ही अट तुम्ही घातलीत.

मला कळकळीने एवढंच सांगायचंय की पहिल्या वर्षी माणूस ओएलटी कमी पडलं म्हणून बुडत नाही. वसुली वेळेवर होत नाही, बँडविड्थचं बिल थांबत नाही, खांबावरून केबल तुटली की जोडायला माणूस नसतो, म्हणून बुडतो. वाचलेला पैसा तिकडे जाऊ द्या. घरात एक्सपॉन ओएनयू बसवा, ते ईपॉन आणि जीपॉन दोन्हींवर चालतं. धंदा उभा राहिला की ओएलटी बदला, घरातला डबा तोच राहील.

नऱ्हेकर :
एक्सपॉनचा मुद्दा मान्य, ज्याचं ईपॉन आधीच बसलंय त्याला मीही तेच सांगेन. पण या देशात मोठा माल जीपॉनचाच फिरतो. गावोगाव फायबर नेणाऱ्या सरकारी भारतनेटचा पहिला टप्पाही जीपॉनवरच उभा राहिला. रात्री अकराला कार्ड गेलं तर ज्याचे सुटे भाग पुण्यात मिळतात तेच तंत्र घ्यावं. शिवाय 15 जून 2021 पासून लायसन्सधारकाला नवीन उपकरण सरकारने मान्य केलेल्या विश्वासार्ह स्रोताचंच जोडावं लागतं. स्वस्त डब्याचा सौदा करण्याआधी हे तपासा. 'नंतर बदलू' म्हणून घेतलेला माल तेव्हा दुसरा कुणी घेईलच असं नाही.

स्विचवाला बावधन :
दोघंही पॉन गृहीत धरून भांडताय. 120 फ्लॅटच्या सोसायटीत पॉन हवंच कशाला? इमारतीपर्यंत एक फायबर, पार्किंगच्या डक्टमध्ये स्विच, तिथून प्रत्येक फ्लॅटला कॅट-6 ची तांब्याची केबल. प्रत्येकाला स्वतःचं एक गिगचं पोर्ट, आणि जुना लॅपटॉपही थेट लागतो. पॉनमध्ये एका घरातला ओएनयू बिघडून सतत प्रकाश सोडत बसला तर त्या पोर्टवरची सगळी घरं आडवी होतात. मग दारोदार जाऊन एकेक पॅच कॉर्ड काढत चोर शोधा. स्विचवर एक पोर्ट बंद केलं की काम झालं.

नऱ्हेकर :
स्विचला वीज कोण देणार? गुरुवारी महावितरणची देखभाल निघाली की सोसायटीचा कॉमन मीटर बंद, आणि घरातला राउटर इन्व्हर्टरवर असूनही नेट गायब. पॉनच्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. आणि मे महिन्यात वळीव आला की दोन विंगच्या मध्ये टाकलेल्या तांब्याच्या केबलमधून विजेची लाट येते आणि स्विचची पोर्टं जळतात. काचेच्या तारेला हे भय नाही.

स्विचवाला बावधन :
विंगमधला दुवा फायबरचा करा, स्विचला बॅटरी द्या. हे न करणारा आळशी असतो, त्याचं खापर तंत्रावर कशाला?

जोडारी :
मी फायबर जोडतो, ओएलटी विकत नाही. तुम्ही ज्यावर भांडताय ते ऑफिसात एका दुपारी बदलता येतं. रस्त्यावरचं बदलता येत नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

सिंहगड रस्त्यासारख्या लांब सरळ लाइनवर मुलं कपलरची माळ लावतात. खांबावर 90-10 चा कपलर बसवायचा, दहा टक्के प्रकाश त्या इमारतीला द्यायचा आणि बाकीचा पुढे सोडायचा. फायबर वाचतं, पहिल्या दिवशी सगळं हिरवं दिसतं. वर्षभराने मधे नवी बिल्डिंग उभी राहते. आता चालू लाइन कापून कपलर घालायचा. तिच्यापुढच्या प्रत्येक घराची पॉवर उतरते आणि आधीच उणे 26 डीबीएमवर, म्हणजे अगदी काठावर, असलेलं शेवटचं घर पावसात बंद-चालू व्हायला लागतं. मग ओएनयू बदला, पुन्हा ओएनयू बदला, दोष मात्र त्यात नसतोच.

त्यात बाजारातले साधे कपलर ठरावीक तरंगलांबींसाठी केलेले असतात. आजच्या पॉनच्या 1310 आणि 1490 ला बरे वागतात, म्हणून दहा गिगच्या 1577 आणि 1270 लाही तसेच वागतील याची खात्री नाही. पीएलसी स्प्लिटर (प्रकाशाचे समान वाटे करणारा) 1260 पासून 1650 पर्यंत सगळं सारखं वाटतो. म्हणजे कपलरची माळ लावली की जीपॉनवाल्याचीही दहा गिगची वाट अडते, आणि ईपॉनवाल्याची तर अडतेच.

मी सांगतो तो हिशेब असा. ऑफिसनंतर 1:8 चा स्प्लिटर (एका फायबरचे आठ फाटे), इमारतीत पुन्हा 1:8. दोन्ही मिळून प्रकाशात साधारण 21 डीबीची घट. 5 किलोमीटर फायबरचे पावणेदोन. जॉइंट आणि कनेक्टरचे 2 धरा. झाले जवळपास 25, आणि ओएलटीच्या बी-प्लस ऑप्टिक्सला 28 घटीची मुभा असते. ते वरचे 3 कुणी मागितले तरी देऊ नका, पावसाळ्यात तेच कामाला येतात.

हिशेबनीस :
कपलरबाबत शंभर टक्के सहमत, मी ईपॉनवालाही पीएलसीच लावायला सांगतो. पण इमारतीत दोनच गिऱ्हाईकं असताना 1:8 लावायचा, म्हणजे सहा पाय (फाटे) रिकामे आणि ओएलटीचं पोर्ट अर्धवट भरलेलं. तोही खर्चच आहे. म्हणून तर पोर्ट स्वस्त हवं, आणि तिथेच माझं ईपॉन बसतं.

नऱ्हेकर :
किंवा तेवढ्याचसाठी जीपॉन हवं. पोर्ट मोठं असलं की चार इमारतींचे रिकामे पाय त्यात निवांत सामावतात. या मुद्द्यावर मी हटणार नाही.

नवीन धायरी :
सगळं वाचलं. माझ्याकडे एका रस्त्यावर 40 बंगले आहेत. मुख्य लाइनला चार कोअरची (आत चार फायबर असलेली) केबल पुरेल का? ती स्वस्त मिळतेय.

जोडारी :
नाही. चोवीस कोअरची ओढा. चार आत्ता पेटवा, बाकीच्या टोप्या लावून जॉइंट क्लोजरमध्ये नीट गुंडाळून ठेवा आणि कोणती कुठे जाते ते तिथेच लिहून ठेवा. केबलच्या दरातला फरक एका खोदाईच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि पावसाळा लागला की महापालिका खोदाईला हात लावू देत नाही. प्रत्येक बंगल्याला ड्रॉप (खांबापासून घरापर्यंतची केबल) टाकताना खांबापाशी आणि घरापाशी दोन-दोन मीटरची गुंडाळी सोडा. टोक तुटलं तर नवी ड्रॉप ओढावी लागणार नाही.