मदत हवी आहे : मध्यस्थांच्या वाचनगटात गोपनीयता सांभाळून अनुभव कसे मांडायचे?

तालुक्याच्या न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्रात आम्ही पाचसहा जण काम करतो, बहुतेक वकील. ४० तासांचं प्रशिक्षण सगळ्यांचं झालंय. महिन्यातून एकदा तासभर बसून वाचायचं आणि आपल्या कामाकडे नीट पाहायचं, असं ठरवलंय. सध्या डोनाल्ड शॉन यांचं १९८३ मधलं 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' हे पुस्तक घेतलंय; व्यावसायिक माणसं काम करताना कसा विचार करतात, यावर ते आहे. काम चालू असताना केलेला विचार आणि नंतर मागे वळून केलेला विचार, हा त्यांचा भेद आमच्या फार उपयोगाचा आहे. पण चर्चा स्वतःच्या अनुभवापाशी आली की सगळे गप्प होतात. ते रास्तच आहे. मध्यस्थीच्या बैठकीतलं बोलणं गोपनीय, आणि गाव लहान असल्यानं नावं गाळली तरी वाटणीचा दावा कोणाचा हे लगेच ओळखू येतं.

तपशील बदलून पाहिले, तर प्रसंगातला पेचच निघून गेला. काल्पनिक प्रसंग घेतले, तर पुन्हा प्रशिक्षणच झालं. बाहेरचा मार्गदर्शक परवडणार नाही.

पक्षकारांबद्दल काहीही न सांगता, 'त्या क्षणी मी काय केलं आणि का' एवढंच लिहिण्याची पद्धत कोणी वापरतं का? नोंदीत नेमके कोणते प्रश्न ठेवता, आणि चर्चेनंतर त्या नोंदी जपता की फाडून टाकता?