०.०३ टक्के टॅक्रोलिमस मलम कुठेच मिळत नाही, पर्याय काय?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला इसबाचा, म्हणजे एटोपिक डर्मटायटिसचा, त्रास आहे. पापण्यांवर आणि मानेवर लावण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी ०.०३ टक्के टॅक्रोलिमस मलम लिहून दिले होते आणि त्याने तिची खाज पुष्कळ कमी झाली होती. गेल्या महिन्यापासून मात्र चिठ्ठीवरच्या ब्रँडची ट्यूब सांगली-मिरजेतल्या ओळखीच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. ‘वरूनच माल येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. एका दुकानदाराने त्याच कंपनीचे ०.१ टक्क्याचे मलम ‘थोडे कमी लावा’ असे सांगून पुढे केले, तर दुसऱ्याने खाजेसाठी सर्रास खपणारे, तीन औषधांचे मिश्रण असलेले क्रीम देऊ केले. मी दोन्ही नाकारली. आमचे डॉक्टर सध्या परगावी आहेत आणि घरातली ट्यूब संपत आली आहे. अशा वेळी शोध नेमका कसा घ्यावा?

औषधवाला_पुणे:
मी फार्मासिस्ट आहे. तुमची अडचण बहुधा औषधाची नसून ब्रँडची आहे. टॅक्रोलिमसचे मलम अनेक कंपन्या बनवतात. परंतु चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल, तर अनुसूची ‘एच’मधील (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या) औषधाच्या जागी, घटक तोच असला तरी, दुसरे औषध देण्याची मुभा १९४५च्या औषध नियमांतील नियम ६५ दुकानदाराला देत नाही. म्हणून डॉक्टरांकडून ‘टॅक्रोलिमस मलम ०.०३ टक्के’ असे घटकाच्या नावाने आणि तीव्रतेसह लिहून घ्या. डॉक्टर परगावी असल्यास मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जुनी चिठ्ठी आणि रिकामी ट्यूब दाखवून नवी चिठ्ठी मागता येईल.

त्यानंतर दुकाने पालथी घालण्यापेक्षा एकाच विश्वासू मेडिकलवाल्याला स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक वितरकाकडे, फोन करायला सांगा. माल कंपनीच्या डेपोतून स्टॉकिस्टकडे आणि तिथून दुकानात येतो, त्यामुळे शेजारच्या दहा दुकानांचा स्टॉकिस्ट एकच असेल, तर दहाही ठिकाणी उत्तर तेच मिळणार. त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकलमध्ये मात्र आवर्जून विचारा, कारण जे मलम इतरत्र महिन्यातून एखादे खपते, ते तिथे रोज लागते. इतर ब्रँडची नावे आणि किमती पाहण्यासाठी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाचे ‘फार्मा सही दाम’ हे अ‍ॅप उपयोगी पडते, आणि जवळचे जनऔषधी केंद्र व तिथल्या औषधांची यादी ‘जनऔषधी सुगम’ या अ‍ॅपवर दिसते.

त्वचेचा_डॉक्टर:
दोन्ही ट्यूब नाकारल्यात हे योग्यच झाले. दोन ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ०.०३ टक्के हीच मान्य तीव्रता आहे; ०.१ टक्के १६ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी असते. थर पातळ दिला म्हणून मलमाची तीव्रता बदलत नाही, आणि पातळ थर तर ०.०३ टक्क्याचाही लावायचा असतो.

तिहेरी मिश्रणाचे क्रीम याहून घातक आहे. त्यात बहुतेकदा क्लोबेटासोलसारखे अत्यंत तीव्र स्टिरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक असते. पापणीची त्वचा मुळातच नाजूक. तिथे असे स्टिरॉइड लावत राहिल्यास ती आणखी पातळ होते आणि डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. टॅक्रोलिमसने त्वचा पातळ होत नाही, म्हणूनच ते या जागेसाठी लिहिले जाते. अशा मिश्रणांच्या सर्रास वापराविरुद्ध त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने वर्षानुवर्षे मोहीम चालवली आहे, तरीही ती काउंटरवर मागताच मिळतात, ही आपल्याकडची शोकांतिका.

ट्यूब संपल्यास घाबरू नका. मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः अंघोळीनंतर लगेच, लावत राहा. मधल्या काळात सौम्य स्टिरॉइड द्यायचे की टॅक्रोलिमसच्याच गटातले पायमेक्रोलिमस क्रीम, हे तपासूनच ठरवावे लागेल. त्वचेतून पाणी वाहू लागले, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर मलमाची वाट न पाहता तिला दाखवा.

चाफेकळी:
माझ्या मुलाच्या वेळी असेच झाले होते. मुंबईत राहणाऱ्या भावाला चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक औषधबाजारात दुसऱ्या कंपनीची ट्यूब मिळाली. एक सुचवते: नवीन ब्रँड घेताना खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा. ०.०३ आणि ०.१ची खोकी इतकी सारखी दिसतात की गर्दीच्या वेळी दुकानदाराचाही हात चुकू शकतो.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. उद्या सकाळीच मिरजेला जाऊन घटकाच्या नावाने चिठ्ठी लिहून घेतो. एक शंका उरते: हा तुटवडा असाच राहिला, तर तक्रार कुठे करावी?

औषधवाला_पुणे:
राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाच्याच ‘फार्मा जनसमाधान’ या व्यवस्थेत औषध उपलब्ध नसल्याची तक्रार नोंदवता येते. त्यात ब्रँड, घटक, तीव्रता आणि गावाचे नाव स्पष्ट लिहा. मात्र तक्रारीच्या निकालापर्यंत थांबू नका. मुलीसाठी दुसऱ्या ब्रँडचा शोध आधी सुरू करा.