प्रतिसाद: ‘गरम हवा’ला साक्षीला बोलवायलाच हवं

चित्रपटातली कथा कल्पित, म्हणून तो इतिहासाचं साधन नाही, हे मत मला अजिबात पटत नाही. एम. एस. सथ्यूंचा फाळणीवरचा चित्रपट ‘गरम हवा’ घ्या. आग्र्यातले सलीम मिर्झा भारत सोडून कुठेच गेलेले नाहीत, पण हवेली पाकिस्तानात गेलेल्या थोरल्या भावाच्या नावावर. त्यामुळे ती निष्क्रांत मालमत्ता, म्हणजे देश सोडून गेलेल्याची सरकारने ताब्यात घ्यायची मालमत्ता ठरते आणि म्हाताऱ्या आईला राहतं घर सोडावं लागतं. १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता कायद्यात कलमं सापडतात. त्या कलमांनी एकत्र कुटुंब कसं उसवलं, सलीम यांच्या बुटांच्या कारखान्याला कर्ज मिळणं कसं बंद झालं, हे तिथे कुठे दिसणार?

मात्र हा चित्रपट १९७३ चा, बांगलादेश युद्धानंतरचा. जातीय तणावाच्या भीतीने सेन्सॉरकडे तो काही महिने अडकून होता. म्हणजे फाळणीबद्दल बोलायला पंचवीस वर्षांनंतरही किती धास्ती होती, याचाही तो पुरावा. शेवटी सलीम यांचा तरुण मुलगा सिकंदर मोर्च्यात शिरतो, त्यात मला कथेतल्या १९४८ पेक्षा सत्तरच्या दशकातली डावी आशाच जास्त दिसते. म्हणून तारखा आणि घटनाक्रमासाठी सरकारी दप्तरंच बघावीत. त्या माणसांची घुसमट समजून घ्यायला मात्र बलराज साहनींचा सलीम मिर्झा बघा.