क्लाससाठी मूडल घ्यावं की गूगल क्लासरूमवर भागवावं? (सांगली)

फळ्याजवळचा

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमचा अकरावी-बारावी सायन्सचा क्लास आहे. तीन बॅच मिळून १८० पोरं, आम्ही चौघं शिकवणारे. आजवर सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर. नोट्सची पीडीएफ तिथंच, गृहपाठाचे फोटो तिथंच, रविवारच्या टेस्टचे मार्कही तिथंच. मागच्या महिन्यात एक पालक म्हणाले, "जूनपासूनचे मार्क एकत्र दाखवा की सर." अर्धा तास ग्रुप वर सरकवत बसलो. मध्ये गुड मॉर्निंगचे ढीग आणि एका म्हशीचा फोटो. (विकायची होती म्हणे.)

तर आता एखादं एलएमएस, म्हणजे नोट्स, गृहपाठ, टेस्ट आणि मार्क एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं म्हणतोय. मूडल किंवा गूगल क्लासरूम. मुख्य गरज टेस्टची. सीईटी आणि नीट दोन्हींचा सराव घेतो, त्यामुळं निगेटिव्ह मार्किंग हवं तेव्हा लावता आलं पाहिजे. निम्मी पोरं तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातली. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच, तोही वडिलांच्या खिशात. बजेट वर्षाला १५-२० हजार. एका कंपनीचा माणूस डेमो देऊन गेला, दर पोरामागं रेट सांगितला. मी गुणाकार केला आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मिरजवाली

सर, आधी गूगल क्लासरूम वापरून बघा. मी कॉलेजात शिकवते, आमचं सगळं त्यावरच चालतं. ज्याला मेल पाठवता येतो त्याला क्लासरूम येतं. गृहपाठ कुणी दिला, कुणी नाही, हे एका नजरेत दिसतं.

पण एक सांगते. आमच्या कॉलेजला गूगलची शिक्षणसंस्थांसाठीची मोफत आवृत्ती मिळालीये ती मान्यताप्राप्त संस्था म्हणून. खासगी क्लासला ती मिळत नाही. तुम्हाला साध्या जीमेलवर करावं लागेल, म्हणजे १५ जीबीत संसार. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसतील असे) टाकायचे, मग जागा लागत नाही.

टेस्ट गूगल फॉर्मवर घ्यायच्या. प्रश्न आणि पर्याय उलटसुलट करता येतात. निगेटिव्ह मार्किंग मात्र फॉर्ममध्ये नाही. आमचे एक सर शीटमध्ये सूत्र लावून मार्क वजा करतात. पोराला मोबाइलवर एक आकडा दिसतो, निकालात दुसरा. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमबाहेर रांग!

कोयनाकाठ

निगेटिव्ह मार्किंग म्हणालात तिथंच उत्तर मिळालं. मूडल घ्या. आम्ही पाटणला तीन वर्षं चालवतोय.

सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स. २००२ सालचं पहिलं व्हर्जन, आणि दिसायला अजूनही थोडं सरकारी ऑफिससारखं वाटतं. पण परीक्षेच्या बाबतीत त्याला तोड नाही. प्रश्नपेढी एकदा भरली की धड्यावार प्रश्न काढून प्रत्येक पोराला वेगळा पेपर देता येतो. चुकीच्या पर्यायापुढं उणे २५ टक्के टाकायचं. ४ मार्कांच्या प्रश्नाला बरोबर १ मार्क कापला जातो, झाली नीट. सीईटीच्या प्रश्नांना तिथं शून्य ठेवायचं.

एकाच फोनचं म्हणाल तर टेस्ट संध्याकाळी सातला ठेवू नका. आम्ही आधी तेच केलं. निम्म्या पोरांचे वडील तेव्हा रानात नाहीतर डेअरीवर. शिवाय सगळ्यांनी एकदम लॉगिन केलं आणि आमच्या स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगनं (एकच सर्व्हर अनेक वेबसाइटींत वाटलेला) मान टाकली. पांढरी स्क्रीन! पोरं फोन करताहेत, मी होस्टिंगवाल्याला फोन करतोय, तो उचलत नाहीये. आता आम्ही टेस्ट शनिवारी सकाळी उघडतो, रविवारी रात्री बंद करतो. सर्व्हरवरचा ताणही विभागला जातो.

रेंज नसलेल्या गावांसाठी मूडलच्या ॲपमध्ये टेस्ट आधी उतरवून ऑफलाइन सोडवता येते, नंतर रेंजमध्ये आल्यावर पाठवायची. पण ऑफलाइन ठेवलेल्या टेस्टला वेळेची मर्यादा लावता येत नाही. म्हणून आमच्याकडं आठवड्याचा सराव ऑफलाइन आणि महिन्याची वेळ लावलेली टेस्ट क्लासमध्ये बसवून.

होस्टिंगवर कंजुषी नको, छोटा का होईना स्वतंत्र सर्व्हर घ्या. क्रॉन (सर्व्हरवरची ठरलेली कामं आपोआप करणारा प्रोग्रॅम) दर मिनिटाला चालतोय ना ते बघा, नाहीतर सूचना जात नाहीत आणि आपण पोरांवर ओरडत बसतो. बॅकअप दुसरीकडं ठेवा. मराठी भाषापॅक आहे, पण भाषांतर अर्धवट. आम्ही इंग्रजीच ठेवलंय.

हळदीचा_भाव

कॅनव्हास, ओपन एडएक्स या दुसऱ्या एलएमएसचं कुणीच नाव घेईना?

कोयनाकाठ

कॅनव्हास छान आहे, पण तो विद्यापीठांचा मामला. ओपन एडएक्स १८० पोरांसाठी म्हणजे ऊस ओढायचा ट्रॅक्टर घेऊन कोथिंबीर आणायला जाणं.

नऊ_ते_सहा

सातारा एमआयडीसीत ट्रेनिंग बघतो, म्हणून थोडं वेगळं. आमच्याकडं सेफ्टीचे कोर्स स्कॉर्म पॅकेजमध्ये (एलएमएसमध्ये चढवायच्या तयार कोर्सचा ठरावीक साचा) येतात. क्लासरूममध्ये ते थेट चालत नाहीत, मूडलमध्ये चालतात आणि कुणी कधी पूर्ण केलं त्याची नोंद राहते. ऑडिटला तेवढंच लागतं.

फक्त प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा. आम्ही शॉपफ्लोअरवर एक टॅब ठेवला होता. महिनाअखेरीला बघतो तर एकाच माणसानं आगविझवणीचं ट्रेनिंग चौदा वेळा पूर्ण केलेलं, बाकीचे तेरा जण कोरे! तुमच्याकडं दोन भाऊ एका फोनवर असतील तर हेच होणार.

फळ्याजवळचा

कोयनाकाठ सर, शनिवार-रविवारची कल्पना उचलली. एक मोठी अडचण आहे. आमच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका एका डीटीपीवाल्याकडं जुन्या फॉन्टमध्ये आहेत. मूडलमध्ये चिकटवलं की नुसती भुतं दिसतात.

कोयनाकाठ

सगळ्यांचं हेच दुखणं. आधी कन्व्हर्टरनं युनिकोड (कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरं) करून घ्या, मग कुणीतरी डोळ्यांखालून घाला. जोडाक्षरं आणि रफार हमखास हलतात. नंतर एकेक प्रश्न हातानं भरू नका. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून आयात करा. अशी फाइल लिहायच्या ठरलेल्या पद्धती आहेत. एकेन फॉरमॅट सोपा आहे, पण त्यात उणे मार्क देता येत नाहीत. तुम्हाला गिफ्ट फॉरमॅट लागेल. फाइल यूटीएफ-८ मध्येच (युनिकोड साठवायचा प्रकार) सेव्ह करा.

फळ्याजवळचा

चार दिवसांनी लिहितोय. एका बॅचसाठी मूडल उभं केलं. १०० प्रश्न आयात केले, जीवशास्त्र, रसायन झकास आले. भौतिकशास्त्राच्या काही प्रश्नांना चारऐवजी आठ पर्याय दिसताहेत आणि त्यातले बरेच बरोबर धरलेत. पोरं खूश होतील, पण मला झेपणार नाही.

कोयनाकाठ

त्या पर्यायांत सूत्रं आहेत का? गिफ्टमध्ये = या चिन्हाचा अर्थच "इथून बरोबर उत्तर सुरू". सूत्रातल्या प्रत्येक = च्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, असं: \=. महिरपी कंसालाही तसंच.

फळ्याजवळचा

तेच होतं. फाइंड-रिप्लेस सगळ्या फाइलवर मारू का?

कोयनाकाठ

अहो नको! खऱ्या उत्तरांच्या सुरुवातीचं = पण बाद होईल. भौतिकचे तेवढे हातानं करा.

फळ्याजवळचा

मारलं होतं. परत करतोय.